आवक क्रमांक नसलेली वही

वॉचमननं इंटरकॉमवर सांगितलं, "साब, पाली गाव से कोई मावशी आयी है, स्कूटर पे. बोलती है मास्तर को मिलना है. भेजू क्या?"

मला मास्तर म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय. बाकी सगळे सर म्हणतात, आणि पाच वर्षं तर नावाआधी 'माननीय' लावल्याशिवाय कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. "भेज," मी म्हणालो. बायकोनं गॅसवर चहा टाकता टाकता माझ्याकडे पाहिलं.

"वही मागायला आली असणार," ती म्हणाली. "द्या एकदाची."

मावशी सत्तरीच्या पुढची. लुगडं नेसलेली, गळ्यात क्रूस. मागून तिचा मुलगा, हातात हेल्मेट. तो शांती नगरात मोबाईलच्या दुकानात काम करतो. मावशी सोफ्याच्या कडेला टेकली, पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"मास्तर, बापसाची वही दे आता."

"देतो की मावशी. एवढी घाई काय आहे?"

"घाई? वही नेलीस तवा ह्यो शाळेत पण जात न्हवता. आता ह्याचं टक्कल बघ."

मुलानं ओशाळून डोक्यावरून हात फिरवला आणि मला सगळं समजावून सांगितलं. किनाऱ्याचा नवा नकाशा निघाला होता. त्यात गावाची बोंबील वाळवायची जागा, बांबूच्या रांगा उभ्या असतात ती, 'रिकामी, वापरात नाही' अशी दाखवली होती. गावानं हरकत घेतली होती. सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती आणि पिढ्यान् पिढ्या ती जागा गाव वापरतंय असं दाखवणारा जुना कागद हवा होता.

"आमच्या वकिलानं तुमचा प्रबंध वाचला, सर. त्यात आजोबांच्या वहीचं नाव आहे. तो म्हणतो, असा पुरावा शोधून मिळत नाही. फक्त मूळ वही पाहिजे."

"मिळेल," मी म्हणालो. "विभागात आहे, माझ्या कपाटात."

हे मी खात्रीनं बोललो की बोलता बोलता खात्री करून घेतली, हे मला आजही सांगता येत नाही.

ती वही म्हणजे काय, ते सांगायला हवं. पावसाळा संपला की एका रविवारी, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर, पालीतली कोळी घरं एकत्र बसत. एका टोपीत चिठ्ठ्या टाकत आणि वाळवणाच्या जागेतली कुठली रांग यंदा कुठल्या घराला, ते ठरवत. दर वर्षी नवीन, म्हणजे चांगली जागा कायम एकाकडे राहायला नको. मावशीचा बाप ते वहीत लिहून ठेवायचा. नुसती वाटणी नाही. कुणाची बायको बाळंत आहे म्हणून तिला घराजवळची रांग बदलून दिली, कोण समुद्रातून परत आला नाही, त्याच्या विधवेची चिठ्ठी कोणी उचलली. तीसेक वर्षांचं लिखाण, एका हाताचं. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना कुणी विचारत नाही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेला इतिहास. मी तेव्हा नवा लेक्चरर. मी मावशीकडून ती अभ्यासाला मागून घेतली.

"पावती देतो," मी तेव्हा म्हणालो होतो.

"पावती कशाला?" मावशी म्हणाली होती. "तू मास्तर हायस."

माझा बाप दप्तरी होता. सरकारी कचेरीत शिपायाच्या एक पायरी वरचं पद. फायली शिवायच्या, लाल फडक्यात बांधायच्या, कुणी मागितली की लाकडी घोड्यावर चढून वरच्या फळीवरून काढून द्यायची. शिक्षण चौथी. मुंबईतली खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा बरोबर आणलेल्या सामानात त्याची दाभणं होती आणि मेण लावलेला दोरा. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, पहिला एम.ए. मी, पहिला डॉक्टर मी. हे मी जिथे जातो तिथे सांगतो, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्रोफेसर होते त्यांनी कधी तरी ते लपवलंय का?

वही घरी आणली तेव्हा तिची पानं सुटत होती. बापानं ती चष्मा लावून तपासली, दोन संध्याकाळी बसून नव्यानं शिवली. शिवून झाल्यावर विचारलं, "आवक नंबर टाकला?"

"नाही टाकणार, बाबा. नंबर टाकला की विद्यापीठाची झाली. मला ती परत द्यायचीय."

"ज्याच्यावर आवक नंबर नाही तो कागद अनाथ," बाप म्हणाला. "कुणीही उचलून बाहेर टाकतो. मग लवकर दे परत."

मी परत दिली नाही. प्रबंध झाला, तरी दिली नाही. कारण त्या वहीवर मला दुसरं पुस्तक लिहायचं होतं, मोठं. झेरॉक्सही काढली नाही. काचेवर वही उलटी दाबली असती तर बापाची शिवण उसवली असती. कारण हास्यास्पद आहे, पण खरं आहे. प्रबंधाच्या शेवटी परिशिष्टात काही पानं हातानं उतरवून घेतली आणि खाली टीप दिली: मूळ वही संशोधकाच्या संग्रही. प्रबंधाची एक बांधीव प्रत मावशीला नेऊन दिली. तिनं ती देवाच्या तसबिरीखाली फळीवर ठेवली, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि वही विभागातल्या माझ्या लोखंडी कपाटात राहिली, तिसऱ्या कप्प्यात, लाल फडक्यात.

मावशीनं मधल्या वर्षांत तीनदा मागितली. तिन्हीदा मी म्हणालो, "पुस्तक होऊ दे, मावशी."

पुस्तक काही झालं नाही. मी विभागप्रमुख झालो.

सत्काराच्या भाषणांत 'इतिहासकार ते कुलगुरू' हा प्रवास चार वाक्यांत उरकतात. प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगतो. आधी वाचन जातं. मग लिहिणं जातं, पण लिहिणार आहोत असं सांगणं जात नाही. मग एक दिवस आपण संशोधनाबद्दल फक्त भाषण देतो. आणि मी हे कुणी जबरदस्ती केली म्हणून केलं नाही. मला खुर्ची हवी होती. निवड समितीसमोर बसलो तेव्हा समोरच्या टेबलावरची माणसं ज्या कॉलेजांतून आली होती तिथे माझ्या बापाला फाटकातून आत सोडलं नसतं. मला त्यांच्याकडून 'माननीय' ऐकायचं होतं. ऐकलं. बाप तेव्हा नव्हता.

इंद्रलोकात, म्हणजे भाईंदरच्या आमच्या वसाहतीत, माझा फ्लेक्स लागला. 'आमच्या संकुलाचे भूषण.' माझा फोटो छोटा, शुभेच्छुकांचे मोठे. सोसायटीतल्या गुजराती काकांनी पेढे वाटले. तो फ्लेक्स आता पाण्याच्या पंपावर टाकलाय, पावसाचं पाणी मोटरवर जाऊ नये म्हणून. माझा चेहरा मोटरच्या बाजूला आहे. काढायला सांगितलं नाही. उपयोगी पडतोय तर पडू दे.

कुलगुरूच्या खुर्चीत बसून मी काय केलं? वसतिगृहाचं पाणी, लांबलेले निकाल, कुणाच्या तरी मेव्हण्याची नेमणूक, उद्घाटनं. इतिहास हा शब्द माझ्या तोंडी यायचा तो दीपप्रज्वलनानंतर. आणि तिसऱ्या वर्षी मूल्यांकन समिती येणार म्हणून विद्यापीठ धुऊन काढायला घेतलं. भिंतींना रंग, भाड्यानं आणलेल्या कुंड्या आणि जुन्या कागदांचं निंदणीकरण. शेतातलं तण काढतात तसे नको असलेले कागद काढून टाकायचे, त्याला सरकारी भाषेत हा शब्द आहे. कागदांचे वर्ग पाडायचे. 'अ' म्हणजे कायम ठेवायचे, 'ड' म्हणजे वर्षभरानंतर नष्ट. इतिहास विभागाच्या कपाटांची खोली समितीला दाखवायच्या डिजिटल स्टुडिओसाठी हवी होती.

आदेशाचा मसुदा टेबलावर आला. ढिसाळ होता. विभाग चालढकल करणार, कुठलाही कचरा 'महत्त्वाचा' म्हणून ठेवून घेणार, हे मला दिसत होतं. मी हिरव्या शाईनं एक ओळ वाढवली: 'आवक क्रमांक नसलेला कोणताही कागद विभागाच्या अभिलेखात गणला जाणार नाही व तो वर्ग ड समजावा.' आणि सही केली. फार नेमकी ओळ आहे, असं वाटलं. दप्तरीचा पोरगा आहे, पळवाट कुठे असते ते मला कळतं.

वही आठवली नाही का? आठवली. सही करून फाईल बाजूला ठेवली तेव्हाच आठवली. विभागात फोन करून सांगू, म्हटलं. तेवढ्यात वरून फोन आला, मग बैठक, मग समिती. नंतर कधी आठवलं की मनाशी म्हणायचो, इतिहास विभाग आहे, तिथल्या माणसांना वही कळणार नाही का?

त्यांना कळली होती. ते मावशी येऊन गेल्यावर चार दिवसांनी मला समजलं.

विभागाचे अधीक्षक माझ्याच काळातले. निवृत्तीला आलेले, मऊ बोलणारे. त्यांनी मला कपबशीतून चहा दिला, पंखा माझ्याकडे वळवला आणि कपाटाच्या खोलीऐवजी एक यादी दाखवली. निंदणीकरणाची यादी, पानापानावर शिक्के. त्यांनी बोट ठेवलं तिथे लिहिलं होतं: 'जुनी वही, हस्तलिखित, शिवलेली. आवक क्रमांक नाही. वर्ग ड.'

"तुम्ही ओळखली होती ना ही वही?" मी विचारलं.

"ओळखली होती, सर. लाल फडकं तुमच्या वडिलांच्या हातचं, तुम्हीच सांगायचात."

"मग एक फोन करायला काय झालं होतं?"

अधीक्षक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आदेश तुमच्या सहीचा. त्यातली ती ओळ तर तुमच्या हातची. कुलगुरूंना फोन करून 'साहेब, तुमचीच वही तुमच्या आदेशात येते' असं सांगणार कोण? आणि सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही तसेच होता तेव्हा."

मी तसाच होतो तेव्हा.

"कागद फाडायच्या मशीनमध्ये घातली?"

"हो सर. वेळ लागला पण. शिवण निघेना. दोरा फार पक्का होता. शेवटी कात्रीनं कापला."

मी चहा तसाच ठेवून उठलो. अधीक्षक दारापर्यंत आले. "सर, गावाला काही कळवायचं असेल तर मी पत्र देतो. वाळवी लागून नष्ट, असं. दरवर्षी दोन-तीन कपाटं जातातच वाळवीत. तुमचं नाव उगाच कशाला?"

"पत्र नको," मी म्हणालो. पत्र नको म्हणालो, पण वाळवी हा शब्द मात्र मी बरोबर घेऊन आलो.

पालीच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. मावशीचं घर त्या गल्लीच्या टोकाला. मी ओट्यावर बसलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं, ते बोललो. "मावशी, कपाटाला वाळवी लागली. वही खाल्ली. काही उरलं नाही."

मुलगा पायरीवर बसला. मावशीच उलट माझी समजूत घालायला लागली.

"वाळवी लागली तर तू काय करनार? माज्या लग्नाचा पेटारा खाल्ला वाळवीनं. पानी तरी पी. तोंड बघ कसं झालंय तुजं."

"मी सुनावणीला येतो," मी म्हणालो. "प्रबंध दाखवू. मी स्वतः सांगतो, मी वही पाहिली आहे, वाचली आहे."

"ये की. तुजं ऐकतील. तू कुलगुरू व्हतास."

निघताना तिनं वर्तमानपत्रात सुके बोंबील बांधून दिले. इंद्रलोकात लिफ्टमध्ये शेजारीण नाकाला पदर लावून उभी राहिली, तरी मी ते पुडकं छातीशी धरून उभा होतो. ते फेकून द्यावं असं एकदा मनात आलं. वासामुळे नाही.

सुनावणीचा दिवस. अधिकारी तरुण, नम्र. त्यानं मला खुर्ची दिली, मावशीलाही दिली. प्रबंध चाळला, परिशिष्ट वाचलं, टीप वाचली.

"सर, काम उत्तम आहे. पण हे दुय्यम साधन झालं. मूळ कुठे आहे?"

मूळ कुठे आहे? पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या समासात मी लाल पेननं हेच लिहीत आलो. कित्येक पोरांना या तीन शब्दांवर वर्षभर मागं ठेवलं. ती खेड्यातून यायची, त्यांच्याकडे मूळ कागद कुठून असणार, याचा विचार कधी केला नाही.

"मूळ नष्ट झालंय," मी म्हणालो.

"मग तसा जबाब लिहून द्या. कशानं नष्ट झालं तेही लिहा."

मुलानं खिशातलं पेन काढून माझ्यासमोर धरलं. "लिहा सर. वाळवीचं लिहा."

ओट्यावर बसून मी खोटं बोललो होतो आणि जीभ अडखळली नव्हती. पण कागद समोर आला आणि हात चालेना. हा काही प्रामाणिकपणा नव्हे, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये. प्रामाणिक माणूस मावशीशीही खरं बोलला असता. ही माझ्या धंद्याची खोड. माणसाच्या तोंडावर खोटं चालतं, कागदावर चालत नाही, कारण कागद उद्या कुणी तरी वाचणार आहे. जिवंत बाई समोर बसलेली होती आणि मला काळजी कुणाची, तर उद्याच्या वाचणाऱ्याची.

मी लिहिलं. पाच ओळी. वही मी परत करण्याच्या बोलीवर घेतली होती. मुद्दाम आवक क्रमांक घातला नव्हता. कुलगुरू असताना मीच दिलेल्या आदेशानुसार ती वर्ग ड ठरवून नष्ट करण्यात आली. खाली सही.

मला वाटलं, कागद फायलीत जाईल. पण जबाब वाचून दाखवायची पद्धत असते. ज्यानं लिहिला त्याला, आणि ज्याची हरकत आहे त्यालाही. अधिकाऱ्यानं घसा साफ केला आणि माझ्या पाच ओळी स्पष्ट, सावकाश, शाळेतल्या पोरासारख्या वाचल्या. मावशीला 'आदेशानुसार' कळलं नसेल, 'वर्ग ड' कळलं नसेल. तिनं मुलाकडे पाहिलं. मुलगा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "वाळवी न्हाय, आये. सरांनीच फाडायला लावली."

मी "तसं नाही" म्हणायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं की तसंच आहे.

अधिकाऱ्यानं एक ओळ लिहिली आणि तीही वाचून दाखवली: 'मूळ पुरावा उपलब्ध नाही.' का नाही, कुणामुळे नाही, याची त्याला गरज नव्हती. जे खरं लिहायला मी एवढा आटापिटा केला, ते त्याच्या कागदात मावलंच नाही. मावशी उठली. बाहेर येऊन स्कूटरवर बसली, मुलाच्या खांद्याला धरलं आणि गेली.

महिन्या-दीड महिन्यानं निकाल लागला. हरकत फेटाळली, नकाशा होता तसाच राहिला. मला ते मुलाच्या फोनवरून समजलं. त्यानं सरळ आवाजात सांगितलं आणि ठेवून दिला. वर दाद मागणार का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्यानंतरच्या रविवारी इंटरकॉम वाजला. "साब, वो पाली वाली मावशी."

या वेळीही मुलगा बरोबर होता, पण ती बसली नाही. बायकोनं खुर्ची पुढे केली तरी नाही. दारातच तिनं प्लास्टिकची पिशवी माझ्यासमोर धरली. आत माझा प्रबंध होता. सोनेरी अक्षरं अजून चमकत होती. फळीवर इतकी वर्षं राहून त्याला एक डाग नव्हता.

"हे तुजं," ती म्हणाली.

"मावशी, ते तुमच्यासाठी दिलं होतं. राहू दे."

"आमची वही न्हाय, तर तुजं बूक आमच्यात कशाला? देवाखाली ठेवलं व्हतं मी. घरच्यांना त्याला हात लावू दिला न्हाय." मग म्हणाली, "वाळवीनं खाल्ली सांगितलंस तवा मी तुला पानी दिलं."

मला वाटलं ती शिव्या देईल. कोळीवाड्याच्या शिव्या मला चांगल्या माहीत आहेत, मी त्यांच्यावर एक निबंध वाचलाय परिषदेत. तिनं एकही दिली नाही.

मी पिशवी घेतली आणि दार लावायला वळलो.

"मास्तर."

"काय मावशी?"

"पावती दे."

"कसली पावती?"

"बूक परत घेतलं म्हनून लिवून दे. सही कर. उद्या म्हनशील, दिलंच न्हाय."

मी आत जाऊन कागद आणला. लिहिलं: माझ्या प्रबंधाची एक प्रत आज परत मिळाली. तारीख घातली, सही केली. तिला वाचता येत नाही. तिनं कागद मुलाच्या हातात दिला. त्यानं दारात उभं राहून तो शेवटपर्यंत वाचला, मान हलवली, आणि चार घड्या घालून तिच्या कमरेच्या पिशवीत ठेवला.